अंगणात गट्टू बसण्याआधी

॥ श्री ॥

वणी,
दि. १२ जानेवारी २०२५

ती. मधुदादास,
कुंदाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कानाचं यंत्र पुन्हा बिघडल्याचं वहिनीनं सांगितलं. म्हणजे आता पुन्हा पत्रं. एका परीनं बरंच झालं. मागच्या खेपेला मी फोनवर अर्धा तास ह्यांच्याबद्दल तक्रार केली आणि तू शेवटी म्हणालास की हो, हो, इकडेही थंडी आहे. व्हॉट्सॲपवर तू रोज सकाळी गुलाबावर लिहिलेला सुविचार पाठवतोस, त्याला काय उत्तर द्यायचं ते मला अजून समजलेलं नाही. तेव्हा कागद घेऊन बसले आहे. चष्मा लाव आणि सगळं वाच, मधलं गाळू नकोस.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, पण क्षेम काही नाही. तुझ्या मेहुण्यांनी आमच्या अंगणात गट्टू बसवायचं ठरवलं आहे. सिमेंटचे, लाल-पिवळे, रस्त्याच्या कडेला बसवतात तसले. फाटकापासून ओट्यापर्यंत आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, वीतभर माती उघडी न ठेवता. कारण विचारलं तर म्हणतात, चिखल. काळी माती पायांना चिकटून घरात येते आणि पियूषची गाडी रुतते. आमचा पियूष पुण्याहून येतो वर्षातून एकदा, दिवाळीत. दिवाळीत कुठला आलाय चिखल?

दादा, माझं आयुष्य कसं गेलं ते तुला माहीत आहे. ह्यांच्या पाटबंधारे खात्याच्या नोकरीत दारव्हा झालं, पुसद झालं, उमरखेड, पांढरकवडा झालं. प्रत्येक क्वार्टरमागे मी बाग केली आणि बदलीचा कागद आला की दुसऱ्याच्या हवाली करून निघाले. पुसदला माझ्या मोगऱ्याच्या जागी नंतरच्या साहेबांनी म्हैस बांधली, हे तूच मला येऊन सांगितलंस. नसतं सांगितलंस तर बरं झालं असतं. आता साठीला आल्यावर पहिल्यांदा स्वतःचं घर, स्वतःचं अंगण, आणि त्यावर सिमेंट! मी चार दिवस ह्यांच्याशी बोलले नाही.

मग ह्यांनी कचेरीतला तोडगा काढला. म्हणाले की बागेचा रीतसर आराखडा कागदावर काढून दाखव, कुठे काय लावणार, पाणी कुठून देणार, पटला तर बाग. मिस्त्री जूनच्या सुरुवातीला येईल, तोवर मुदत. जन्मभर फायली चाळल्या, आता बायकोकडूनही प्रस्ताव हवा. बसले कागद घेऊन. पण काही म्हणता काही सुचेना. आजवर मिळालं ते रोप आणि दिसली ती जागा, अशीच बाग केली. एवढं मोकळं अंगण समोर असताना डोकं मात्र रिकामं.

शेजारची बबिता राठोड माझी अवस्था पाहून म्हणाली की, काकू, कायले डोकं फोडून राह्यल्या, लोकायच्या बागा पाहून येऊ नं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आमच्या ले-आउटमधली एकुलती एक शहाणी बाई. मग तिच्या स्कूटीवर मागे बसून निघाले.

पहिली बाग इथल्याच एका वकिलांची. वणीत पानांवर कोळशाची धूळ बसते, ते तू पाहिलं आहेस. सकाळी उमललेला मोगरा दुपारी राखाडी दिसतो. वकीलसाहेबांनी त्यावर कायमचा इलाज केला आहे. हिरवळ प्लास्टिकची, वेल प्लास्टिकचे, मधोमध कारंजं आणि त्यात प्लास्टिकचे हंस. अधूनमधून पाइप लावून सगळं धुतात. बबितानं विचारलं की साहेब, यात खरं काय आहे, तेव्हा त्यांनी एक कोरफड दाखवली. वर मला म्हणाले की ताई, तुम्हीही हेच करा, मरायची भीती नाही. परतताना मी इतकी धुसफुसत होते की बबिता स्कूटी मुद्दाम हळू चालवत होती.

पियूष दिवाळीत काय म्हणाला ते तुला लिहायचं राहिलं. म्हणाला की हे घर विकून टाका आणि पुण्याला या, नातीजवळ राहा. हे भिंतीकडे पाहत राहिले आणि मी पोळ्या लाटत राहिले. त्यानंतर त्या विषयावर घरात कोणी अवाक्षर काढलेलं नाही. असो.

तू कोर्टात नाझर होतास, जिल्ह्यातली निम्मी माणसं तुला ओळखतात. कोणाकडे बघण्यासारखी बाग असेल तर नाव कळव. वहिनीला नमस्कार. या चिडक्या बहिणीवरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
कुंदा


यवतमाळ,
दि. २७ जानेवारी २०२५

चि. सौ. कुंदास,
मधुदादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले. मधले न गाळता वाचले. प्लास्टिकच्या हंसांचे वर्णन तुझ्या वहिनीस मोठ्याने वाचून दाखवले. ती इतकी हसली की मलाही ऐकू आले.

तुझ्या प्रकरणी दोन नावे सुचवतो. पांढरकवड्याचे हरिसिंग हे ट्रकमालक. अपघाताच्या दाव्यांच्या निमित्ताने कोर्टाच्या पायऱ्या त्यांनी इतक्या झिजवल्या की आमचा स्नेह जडला. त्यांच्या बंगल्याची बाग पाहायला लोक हायवेवर गाडी थांबवतात असे ऐकतो. दुसरे तुमच्या वणीतलेच शाम मास्तर, निवृत्त मुख्याध्यापक. शिस्तीचा माणूस आहे, आराखडा हवा तर तिथे मिळेल. दोघांनाही माझे नाव सांग. हरिसिंग चहा पाजतील, मास्तर पाजणार नाहीत.

आता एक विचारतो. विठ्ठलरावांना मी मेहुणा म्हणून पस्तीस वर्षे ओळखतो. हा माणूस कारणाशिवाय हट्ट धरत नाही. आणि चिखल हे कारण मला पटत नाही, कारण पांढरकवड्याच्या त्या क्वार्टरमध्ये तुम्ही दर पावसाळ्यात पोटरीभर चिखल तुडवलात आणि त्यांनी एकदाही कुरकूर केली नाही. त्यांना नीट विचारलेस का? चिडून विचारलेले विचारण्यात धरत नाहीत.

माझे ठीक आहे. यंत्रवाला पुढच्या आठवड्यात म्हणतो, तो गेले दोन महिने पुढच्याच आठवड्यात म्हणतो आहे. तुझी पत्रे येत राहोत, म्हणजे आम्हा म्हाताऱ्यांचे दिवस बरे जातात.

तुझा,
मधुदादा


वणी,
दि. २४ फेब्रुवारी २०२५

ती. मधुदादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या दोन्ही बागा पाहून आले. तुझ्या ओळखी तुलाच लखलाभ होवोत.

पांढरकवड्याला बबिताच्या नवऱ्यानं, सुनीलनं, त्याच्या गाडीतून नेलं. हरिसिंगांचं अगत्य खरंच मोठं. चहा, चिवडा, वर जेवायचा आग्रह. पण बाग! त्यांचे ट्रक हैदराबादेकडे जातात आणि परतीच्या फेरीत तिकडच्या रोपवाटिकांतून झाडं भरून आणतात. खजूर आहेत, पिळवटलेल्या बुंध्याचे फायकस आहेत, मांडीएवढ्या जाड फांद्यांचे चाफे आहेत. मी एकेका झाडाचं नाव विचारलं तर हरिसिंग प्रत्येक वेळी म्हणाले की ताई, ये शो का झाड है. आणि ऐक, एकही झाड जमिनीत नाही. सगळी मोठमोठ्या पिंपांत, पिंपांना खाली चाकं. विचारलं असं का, तर म्हणाले की नागपूरले बंगला बांधून राह्यलो, पोरं तिकडे चालली, क्रेन लावली का एका दिवसात सारी बाग उचलून नेऊ. ही बाग झाली की ट्रकमधला माल? मी बबिताला म्हटलं, या माणसानं झाडांनाही माणसांसारखं सुटकेसवर बसवून ठेवलं आहे. त्यांच्या पत्नी जमनीबाईंनी निघताना चाफ्याची एक फांदी दिली, तेवढा फायदा.

शाम मास्तरांच्या बागेत झाडं रांगेत उभी आहेत, प्रार्थनेला पोरं उभी करावीत तशी. प्रत्येकाला पाटी, पाटीवर शास्त्रीय नाव. मास्तर पाटीवर हात ठेवून मला विचारायचे, सांगा पाहू. तगरीचं नाव मला आलं नाही. त्यांनी जीभ चुकचुकवली आणि बबिताकडे वळले. तिलाही आलं नाही. शाळेतली बाई असून येत नाही म्हणून तिला पाच मिनिटं बोलले. बबिता रस्त्यावर येताच म्हणाली की, मी या मास्तरच्या शाळेत असती तं पहिलीतूनच पळून गेली असती. चहा खरंच मिळाला नाही.

आणखी दोन घरी जाऊन आले, त्यांचं लिहीत नाही. एकीकडे सगळी झाडं वास्तूच्या दिशांप्रमाणे होती आणि त्या बाईंनी माझ्याच घराची ईशान्य बिघडल्याचं सांगून मला घरी पाठवलं. जिथे जाते तिथे फक्त घरमालक दिसतो, दादा. बाग कुठेच दिसत नाही.

मागून आणलेल्या फांद्या मात्र जगल्या आहेत. तेलाचे पिपे, रंगाचे डबे, पियूषची जुनी बादली, जे मिळालं त्यात लावून फाटकाजवळ रांगेनं ठेवल्या आहेत. आराखड्याचा कागद अजून कोरा आहे. ह्यांना तू म्हणालास तसं शांतपणे विचारलं. जेवण झाल्यावर, सुपारी देऊन विचारलं. म्हणाले, चिखल. आणि सुपारी घेऊन आत गेले. मी ताट आपटलं.

वहिनीच्या गुडघ्याला आता आराम असेलच. रागावून लिहिलं तरी प्रेमानं वाचावं, एवढीच विनंती.

तुझी,
कुंदा


यवतमाळ,
दि. १० मार्च २०२५

चि. सौ. कुंदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या बबिताने वहिनीच्या मोबाइलवर तुझ्या अंगणाचा फोटो पाठवला. मी तो मोठा करून, चष्मा वर-खाली करून पाहिला. आता जे लिहितो ते लिहू नये असे वहिनीचे मत आहे. तरी लिहितो.

कुंदे, एवढे अंगण मोकळे पडले आहे आणि तू तुझी सगळी झाडे फाटकाला टेकवून ठेवली आहेस. ट्रक येणार आहे काय? हरिसिंगांना तू हसलीस. त्यांची झाडे पिंपांत, तुझी पिप्यांत. त्यांच्या पिंपांना चाके आहेत एवढाच फरक. घर बांधून तुम्हाला तीन वर्षे झाली. या तीन वर्षांत एक तरी रोप तू त्या काळ्या मातीत उतरवलेस का? मागच्या खेपेला मी आलो तेव्हाही डबेच होते, तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

मला वाटते, इथून आता बदली होणार नाही हे तुझ्या हातांना अजून पटलेले नाही. ते पटेपर्यंत तू साऱ्या जिल्ह्यातल्या बागा पाहिल्यास तरी प्रत्येकीत खोट निघेल. वकील वाईट, हरिसिंग वाईट, मास्तर वाईट. मास्तर वाईट आहेत हे मान्य.

राग येईल. आला तर लिहून कळव, अबोला धरू नकोस. मला अबोला धरलेलाही ऐकू येत नाही.

तुझा,
मधुदादा


वणी,
दि. १७ मार्च २०२५

श्री. मधुसूदनराव यांस,
सौ. कुंदा हिचा सा. न. वि. वि.

आपले दि. १० मार्चचे पत्र मिळाले. आपण स्वतः गच्चीवर तीन कुंड्यांत मिरच्या लावून त्यालाच परसबाग म्हणता, त्या अनुभवाच्या आधारे आपण दिलेला सल्ला वाचला.

काल गट्टूचा मिस्त्री येऊन अंगणाचे माप घेऊन गेला. फितीचे एक टोक आपल्या मेहुण्यांनी धरले होते. हे आपल्या माहितीसाठी.

उत्तराची तसदी घेऊ नये. सौ. वहिनींस नमस्कार.

आपली,
सौ. कुंदा


यवतमाळ,
दि. २५ मार्च २०२५

चि. सौ. कुंदास,
अनेक आशीर्वाद, आणि त्यापेक्षा थोडी जास्त क्षमायाचना.

तुझ्या पत्रातला 'आपण' वाचून मी दोन दिवस जेवलो नाही, असे वहिनी लिहायला सांगते आहे. प्रत्यक्षात जेवलो, पण चव लागली नाही. मिरच्यांबद्दल तू लिहिलेस ते योग्यच आहे. त्यातल्या दोन कुंड्या मेल्या.

डब्यांबद्दल पुन्हा काही बोलणार नाही. मिस्त्री यायला अजून वेळ आहे. तू बागा पाहणे सोडू नकोस. आणि मला पुन्हा 'अरे दादा' म्हण, नाही तर मी रोज दोन सुविचार पाठवीन.

तुझा,
मधुदादा


वणी,
दि. १९ मे २०२५

ती. मधुदादास,
शि. सा. न. वि. वि.

राग गेला असं समजू नकोस, उतरला आहे एवढंच. तुझं ते पत्र आलं त्या दुपारी मी खुरपं घेऊन अंगणात बसले होते. पिप्यातली जास्वंद सोडवली, माती उकरली आणि हात पुढेच जाईना. इथे लावू की तिथे, उद्या पुन्हा काढावी लागली तर, असलं काहीबाही मनात येत राहिलं. शेवटी जास्वंद परत पिप्यात कोंबली. तुझ्यावर चिडले ती त्यामुळे.

आता मारेगावचं ऐक. बबिताच्या वडिलांनी, देवसिंगजींनी, मागच्या वर्षी मारेगावला एका निवृत्त प्राध्यापकांचं घर बागेसकट विकत घेतलं. त्यांची शेती तांड्यावरच आहे, पण नातवंडांच्या शाळेसाठी बिऱ्हाड मारेगावात हलवलं. बबिता कधीची म्हणत होती की, काकू, आमच्या याडीकडची बाग पाहून घ्या, मंग बोला. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. जेवायला बोलावलं होतं म्हणून हेही आले. सुनीलची गाडी, पुढे ती दोघं, मागे आम्ही दोन दगड.

दादा, ती बाग पाहून मी पहिल्यांदा गप्प झाले. मे महिन्यात हिरवीगार! फणस, दोन चाफे, मधुमालतीचा मांडव, भिंतीला लागून सीताफळं, पारिजातकाखाली बसायला सपाट दगड. कोणीतरी वर्षानुवर्षं हात फिरवलेली बाग होती. मी पिशवीतून कागद काढला आणि भराभर उतरवून घेऊ लागले. म्हटलं, मिळाला एकदाचा आराखडा.

तेवढ्यात रुपीबाईंचा, म्हणजे बबिताच्या आईचा, मोबाइल वाजला. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या की, आला वं बाई, दिवा लावाची वेळ झाली का येतेच. व्हिडिओ कॉल होता, घर विकून गेलेल्या प्राध्यापकीणबाईंचा. त्या आता पुण्यात मुलाकडे चौदाव्या मजल्यावर राहतात. रोज संध्याकाळी फोन करतात आणि रुपीबाई मोबाइल हातात धरून त्यांना सगळी बाग फिरवून दाखवतात. मधुमालतीजवळ फोन धरायचा, मग फणसाच्या बुंध्याशी, मग सीताफळांपाशी. पारिजातकाची फांदी कोणी तोडली म्हणून बाईंनी तिकडून विचारलं आणि रुपीबाई इकडे वर्गात उभं केल्यासारख्या उभ्या राहिल्या. देवसिंगजींना ट्रॅक्टर ठेवायला एक चाफा काढायचा आहे, रुपीबाईंना वांगी लावायची आहेत. घराचे कागद त्यांच्या नावाचे, पण बागेत कुदळ मारायची सोय नाही. रुपीबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की, ताई, मले लय वैताग येऊन राह्यला, पण घर सोडून गेलेल्या बाईले नाई कसं म्हनू?

मग फोनमध्ये त्या बाईंना मी दिसले. मी कोण, कुठली, काही विचारलं नाही. म्हणाल्या की ताई, चाफ्याच्या बुडाशी अंगठा दाबून सांगता का, माती खालपर्यंत ओली आहे की नुसतं वरवर पाणी मारलंय. मी वाकून अंगठा दाबला. ओली होती, तसं सांगितलं. बाई माझ्या मातीनं माखलेल्या अंगठ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मला तिथून उठवेना.

मागे वळले तर हे खुर्चीवर नव्हते, गाडीत जाऊन बसले होते. देवसिंगजींनी हात धरून आणलं तेव्हा कसेबसे दोन घास खाल्ले. मला इतकी लाज वाटली! परतीच्या रस्त्यावर मी चांगलंच फैलावर घ्यायला तोंड उघडलं, तर त्याआधी हेच बोलू लागले. सुनील-बबिता पुढे बसलेत याचीही पर्वा केली नाही. म्हणाले की पुसद सोडलं तेव्हा वळण येईपर्यंत तू मागे वळून पाहत होतीस. दारव्ह्याला ट्रकवाला हॉर्न वाजवत होता आणि तू झारी घेऊन शेवटचं पाणी घालत होतीस. बदल्या माझ्या होत्या, म्हणून दर वेळी मी पुढे बघत बसलो. आता एक दिवस हे घर सोडूनही पियूषकडे जायचं आहे, आणि तेव्हा पुन्हा ते बघणं माझ्याच्यानं होणार नाही. गट्टू सोडून जाताना कोणी मागे वळून पाहत नाही.

दादा, खरं तर मला रडू यायला हवं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी विचारलं की पुण्याला जायचं ठरवलं कोणी? म्हणाले, पियूषनं विचारलं तेव्हा तू गप्प राहिलीस, मला वाटलं तुला नातीजवळ जायचं आहे. मी म्हटलं, मी गप्प होते ती तुम्ही गप्प होतात म्हणून, मला वाटलं तुम्हाला जायचं आहे! सुनीलनं हळूच गाणी बंद केली आणि बबिता खिडकीबाहेर अंधारात काहीतरी शोधू लागली. दिवाळीपासून मी लोकांच्या बागा पालथ्या घातल्या, मास्तरांची बोलणी खाल्ली, तुझ्याशी भांडले, आणि दोघांपैकी एकालाही कुठे जायचंच नव्हतं.

घरी पोचलो ते भांडतच. अजूनही धड बोलणं नाही. मिस्त्रीला नको म्हणून कळवलं का, असं विचारलं तर हे उत्तर देत नाहीत. जून तोंडावर आला आहे. काय होणार कळत नाही. तुझं यंत्र दुरुस्त झालं असेल तरी पत्रच पाठव, हे सगळं मला फोनवर बोलवणार नाही. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.

तुझी,
कुंदा


यवतमाळ,
दि. २८ मे २०२५

चि. सौ. कुंदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आधी मी वाचले, मग वहिनीने वाचले, आणि त्यानंतर आम्ही दोघे समोरासमोर बसलो. आमची मुले हैदराबादला. तिकडे जायचे की नाही, हा प्रश्न आमच्याही घरात आहे आणि आम्हीही तो शहाण्या माणसांसारखा टाळत आलो. शेवटी वहिनी काहीतरी बोलली. ओठांवरून मला वाटले, जायचे नाही म्हणते आहे. एवढ्या मोठ्या बाबतीत ओठांवर विसंबणे बरे नव्हे म्हणून तिच्याकडून नातवाच्या इथे राहिलेल्या पाटीवर लिहून घेतले. तेच होते. मला किती हलके वाटले ते तुला कसे सांगू!

विठ्ठलरावांवर तू चिडलीस ते बरोबर आहे. पण हा माणूस दिवाळीपासून त्या अंगणाकडे पाहून घाबरत होता आणि आपण दोघे त्यांना चिखलाचा हिशेब विचारत होतो. त्याचे मला वाईट वाटते.

मिस्त्री आला की गेला, तेवढे लगेच कळव. इथे वहिनीला झोप येत नाही. तुमच्या दोघांवर आमचा जीव आहे, हे आज वेगळे लिहितो.

तुझा,
मधुदादा


वणी,
दि. १४ जून २०२५

ती. मधुदादास,
शि. सा. न. वि. वि.

मिस्त्री आला. ठरलेल्या दिवशी, ट्रॅक्टरभर गट्टू घेऊन. मी ओट्यावर उभी. हे फाटकाशी गेले, फाटक उघडलं नाही, त्यावर हात ठेवून म्हणाले की काम रद्द. मिस्त्री चांगलाच तापला. म्हणाला की, साहेब, आदीच सांगतलं असतं तं एवढा माल काहून भरला असता? हे म्हणाले की मलाही उशिराच कळलं. मला इतका संताप आला! एक फोन करून सांगता आलं नसतं का त्या गरिबाला? माल शेवटी मागच्या गल्लीतल्या एकांनी घेतला म्हणून निभावलं.

पियूषला फोन करून सांगितलं की आम्ही कुठे येत नाही, तुम्हीच सुटीत या. तो म्हणाला की आई, मला वाटत होतं तुम्हाला दोघांना एकटं वाटतं. आमच्या घरात प्रत्येकाला दुसऱ्याबद्दल काहीतरी वाटत असतं आणि बोलत कोणीच नाही. त्याला तसं सुनावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून ठक ठक ऐकू आलं. बाहेर येऊन पाहते तर हे बनियनवर, हातात सुनीलकडून आणलेली कुदळ आणि समोर गुडघाभर खड्डा. ह्यांनी जन्मात पेनापेक्षा जड काही उचललेलं नाही. माती म्हणजे नुसता दगड, तळहातांना फोड आलेले. ओट्याशी कलमी आंब्याचं रोप ठेवलेलं, मला न विचारता आणलेलं.

आणि खड्डा कुठे, तर दारासमोर, अंगणाच्या ऐन मधोमध! दादा, इतकी चुकीची जागा शोधूनही सापडली नसती. मी तिथल्या तिथे सगळं ऐकवलं. वर विजेची तार आहे, उद्या फांद्या तिला भिडतील. येणाऱ्या-जाणाऱ्याला झाडाला वळसा घालावा लागेल, सिलिंडरवाला तर दर खेपेला शिव्या देईल. आंबा कोपऱ्यात लावतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. हा खड्डा बुजवा आणि बोअरजवळ दुसरा खणा, असं मी ओट्यावरून ओरडून सांगितलं. बबिता गॅलरीत येऊन ऐकत होती.

हे खड्ड्यात उभे राहून सगळं ऐकून घेत होते. मग कपाळाचा घाम पुसून म्हणाले की कोपऱ्यातलं झाड आतून दिसत नाही. पुढे कधी अंथरुणाला खिळलो, मी काय नि तू काय, तर पलंगावरून दारातून सरळ दिसलं पाहिजे. म्हणून पलंगापासून दोरी लावून ही जागा काढली.

खड्डा चुकीच्याच जागी आहे, दादा. झाड मी तिथेच लावलं.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तसाच ठेव, आणि येशील तेव्हा फाटकातून आत शिरल्यावर जरा डावीकडून ये.

तुझी,
कुंदा